फिल्म की डिजिटल? तुम्ही विचारलंत म्हणून

संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढते म्हटल्यावर छोट्या संग्रहालयांची मंडळी हमखास विचारतात, "फिल्मवर काढायचे की डिजिटल?" बहुतेकांच्या कपाटात जुन्या निगेटिव्हचे डबे असतात. ते आता टाकून द्यावेत का, हेही त्यांना विचारायचं असतं.

नवं काम डिजिटलवरच करा. फिल्मच्या दिवसांत जुनी पैठणी घडी मोडून टेबलावर पसरायची, फोटो घ्यायचे, रोल धुवायला द्यायचा. रंग चुकलाय हे कळेपर्यंत पैठणी पुन्हा कपाटात गेलेली असायची. मग परत बाहेर, परत घडी मोडायची. जरीच्या कापडाला हे सोसत नाही. आता कापडाशेजारी कलर चार्ट ठेवला की रंग तिथल्या तिथे ताडून बघता येतो. शिवाय कोडाक्रोम ही जुनी रंगीत फिल्म धुणाऱ्या शेवटच्या लॅबनेही, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या, 2010च्या अखेरीस ते काम थांबवलं. ज्यांचे रोल धुवायचे राहिले, त्यांचे रंग कायमचे गेले.

पण ते डबे टाकू नका. झाकण उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, तर अॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. आपल्याकडच्या उकाड्यात आणि दमट हवेत हे फार लवकर होतं. सुटलेलं आम्ल शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही लागतं, म्हणून वास येणाऱ्या आधी वेगळ्या करा आणि त्याच पहिल्या स्कॅन करा. कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुतलेली असेल आणि थंड, कोरड्या जागी राहिली असेल, तर ती आपल्या नातवंडांनाही दिसेल. रंगीत स्लाइडचं तसं नाही, त्यांचे रंग अंधारातही उडतात.

डिजिटलची भीती वेगळी, सगळं एकाच डिस्कवर राहून एकदम जाण्याची. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1844पासून कितीतरी वर्षं घालवली. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच 1885 साली लंडनमध्येच जळाल्या. सगळं एका जागी ठेवलं की असं होतं. म्हणून फाइलींच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि डिस्क वर्षातून एकदा कोण लावून बघणार, त्याचं नाव नोंदवहीत लिहा.

हे मी एका संग्रहालयातल्या दिव्यांचे फोटो गमावून शिकले. तिथल्या दिव्यांचे फोटो मी काढून दिले होते, एकाच हार्ड डिस्कवर. ती ड्रॉवरमध्ये सात वर्षं पडून राहिली आणि नंतर चालूच झाली नाही. मी पुन्हा गेले, सगळे दिवे पुन्हा टिपले. मधल्या काळात एका समईवरचा मोर तुटून हरवला होता. तो मोर आता फक्त त्यांच्या कपाटातल्या एका जुन्या कृष्णधवल निगेटिव्हवर आहे. लाइट टेबलावर धरली की त्याचा तुरासुद्धा दिसतो.