लाल रंग

"काका, लाल टिकतच नाहीये. गुलाबी होतोय."

सकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर पुतणी युद्धाचं चित्र काढत होती. ओल्या कागदावर टेकवलेला लाल थेंब पसरत पसरत पार आभाळापर्यंत गेला. कमळासारखा दिसायला लागला. पोरगी रडवेली.

मोबाइलवर तिला जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचं १९१८ चं जलरंगातलं चित्र दाखवलं. पहिलं महायुद्ध. मागे कोसळलेलं विमान, पुढे शेतकरी पेंढ्या बांधतायत, आपल्याकडे कडब्याच्या बांधतात तशा. रक्ताचा थेंब नाही.

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना विमान दिसलं नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. काल रात्री टीव्हीवर ढिगाऱ्यातून माणसं काढत होते, आणि मी भाकरी मोडत शेंगाची चटणी मागितली होती.