बुडापेस्टमध्ये १९५६ शोधताना

बुडापेस्टला जाणारे बहुतेक जण डॅन्यूबवरची क्रूझ, गरम पाण्याचे बाथ आणि रात्री लाइटमध्ये झळाळणारं पार्लमेंट बघून परत येतात. ते सगळं सुंदर आहेच, पण मला तिथे जायचं होतं ते १९५६ च्या क्रांतीसाठी, म्हणजे हंगेरीतल्या लोकांनी सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध केलेल्या उठावासाठी. आपल्याकडे या क्रांतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, त्याच आठवड्यात सुएझचं युद्ध पेटलं आणि जगाचं अर्धं लक्ष तिकडे गेलं.

सुरुवात बेमच्या पुतळ्यापासून केली. बेम हा पोलिश जनरल, १८४८-४९ मध्ये हंगेरीच्या बाजूने लढलेला, म्हणून २३ ऑक्टोबरला, तेव्हा सोव्हिएत दबावाला तोंड देणाऱ्या पोलंडला पाठिंबा द्यायला विद्यार्थी इथे जमले. झेंड्याच्या मधलं कम्युनिस्ट चिन्ह लोकांनी कापून काढलं, आणि तो भोक पडलेला झेंडाच क्रांतीची खूण झाला. संध्याकाळी पार्लमेंटसमोर प्रचंड गर्दी, सगळ्यांना सुधारणावादी कम्युनिस्ट नेते, माजी पंतप्रधान इम्रे नॉज हवे होते, त्यांनी बोलायला सुरुवात केली ती ‘कॉम्रेड्स’ म्हणून आणि खालून लोक ओरडले, आम्ही कॉम्रेड नाही! त्याच रात्री स्टॅलिनचा अवाढव्य पुतळा पाडला, चौथऱ्यावर उरले फक्त बूट.

पार्लमेंटसमोरच्या कोशुत चौकात २५ ऑक्टोबरला नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. समोरच्या कृषी मंत्रालयाच्या भिंतीवर ब्राँझचे छोटे छोटे गोळे बसवलेत, जिथे गोळ्या लागल्या तिथे. लोक त्याच कमानींखालून ये-जा करत असतात. मी एकेक गोळा बघत गेलो, काही तर अगदी माणसाच्या छातीच्या उंचीला आहेत हो.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॉरविन क्योझमध्ये. पुस्तकात वाचून मला कधी नीट कळलं नव्हतं की विशीसुद्धा न गाठलेली पोरं रशियन रणगाड्यांना अडवू कशी शकली, इथे उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं. मधे एक सिनेमा थिएटर, त्याच्याभोवती गोल फिरलेल्या उंच इमारती, आणि बाहेरच्या मोठ्या रस्त्यांना जोडणारे अरुंद बोळ, आपल्या पुण्याच्या पेठेत वाड्यातून वाड्यात निघणारी वाट असते ना तसेच. रणगाडा आत शिरू शकत नाही, त्याची तोफ वरच्या मजल्यांपर्यंत उचलत नाही, आणि थिएटरच्या मागेच पेट्रोल पंप. म्हणजे बाटल्या भरायच्या, पळत बोळातून बाहेर यायचं, फेकायची आणि परत आत. समोर रस्त्यापलीकडे किलियन बॅरॅक्स, तिथले हंगेरियन सैनिकही लोकांच्या बाजूने झाले, त्यामुळे मधून जाणारा रणगाडा दोन्हीकडून सापडायचा. रस्त्यावर जेवणाच्या ताटल्या पालथ्या ठेवून सुरुंग आहेत असं भासवायचे म्हणे. थिएटरसमोर रायफल घेतलेल्या एका मुलाचा पुतळा आहे, चेहरा शाळकरी पोराचा. मला तिथून पाय काढवेना.

आणि काही दिवस ते खरंच जिंकले होते! २८ ऑक्टोबरला युद्धबंदी झाली, १ नोव्हेंबरला, आता पंतप्रधान झालेल्या नॉज यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातून, बाहेर पडल्याचं जाहीर केलं. ४ नोव्हेंबरला पहाटे रणगाडे परत आले, या वेळी कितीतरी जास्त. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले, दोन लाखांच्या आसपास लोक देश सोडून गेले.

नॉज यांनी युगोस्लाव्ह दूतावासात आसरा घेतला. ती इमारत हिरोज स्क्वेअरला लागूनच आहे, स्टॅलिनचा पुतळा पाडला ती जागाही तिथून जवळच. सुखरूप घरी जाऊ देऊ असं लेखी वचन सोव्हिएत पाठिंब्यावर सत्तेत आलेल्या यानोश कादारने दिलं, तोच कादार जो काही दिवसांपूर्वी नॉज यांच्याच मंत्रिमंडळात होता. बाहेर पडल्या पडल्या सोव्हिएत लोकांनी त्यांना पकडून रुमानियात नेलं. १६ जून १९५८ ला फाशी. ते आयुष्यभर कम्युनिस्ट होते, सुरुवातीला चाचपडले, हे सगळं खरं, पण शेवटी दयेचा अर्ज केला नाही, आणि माझ्या मते माणूस तिथे कळतो.

त्यांची कबर शहराबाहेरच्या मोठ्या दफनभूमीत, प्लॉट ३०१ मध्ये आहे, अगदी टोकाला, गेटपासून बरंच चालावं लागतं. डांबरी कागदात गुंडाळून, तारेने बांधून, पालथं पुरलं होतं त्यांना. १६ जून १९८९ ला सन्मानाने पुन्हा दफन झालं, सहा शवपेट्या होत्या, सहावी रिकामी, नाव नसलेल्या सगळ्यांसाठी. ६ जुलैला सुप्रीम कोर्टाने नॉज यांना निर्दोष ठरवलं आणि त्याच दिवशी कादार वारला.

त्या १९८९ च्या कार्यक्रमात सव्वीस वर्षांच्या व्हिक्टर ऑर्बानने (पुढे हा हंगेरीचा पंतप्रधान झाला) सोव्हिएत फौजा परत जायला हव्यात असं भाषण केलं होतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्याच्याच सरकारच्या काळात नॉज यांचा पुतळा पार्लमेंटजवळून हलवला, छोट्या पुलावर उभे राहून पार्लमेंटकडे बघणारे नॉज. त्या जागी १९१९ च्या कम्युनिस्ट राजवटीत मारल्या गेलेल्यांचं जुनं स्मारक परत उभारलं. त्या लोकांचं स्मारक जरूर असावं, पण त्यासाठी नॉज यांना उठवायचं काहीच कारण नव्हतं, मला याचा मनापासून राग आला. आता पुतळा यासाई मारी चौकात आहे, मार्गारेट ब्रिजच्या टोकाला. ४ आणि ६ नंबरची ट्राम तिथे थांबते आणि तीच कॉरविनलाही जाते, त्यामुळे हे दोन्ही एका दिवसात आरामात होतं, प्लॉट ३०१ साठी मात्र वेगळा अर्धा दिवस हाताशी ठेवा.