पहिला हेडर आपला, दुसरा चेंडू कोणाचा?

२ जानेवारी २०२४, कोल्हापूर

३० डिसेंबरला फुटबॉलच्या एशियन कपसाठी भारताचा २६ जणांचा संघ जाहीर झाला. गटात समोर ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया. मी यादी कधीच वरून वाचत नाही. आधी बचावपटूंची नावं शोधतो. यावेळी आठ आहेत: संदेश झिंगन, राहुल भेके, मेहताब सिंग, लालचुंगनुंगा, प्रीतम कोटाल, निखिल पुजारी, शुभाशिष बोस, आकाश मिश्रा. नववं नाव नसणार हे माहीत होतं, तरी नजर दोनदा त्याच्यासाठी फिरली. अन्वर अली. दुखापतीनं बाहेर.

"मामा, अन्वर न्हाई म्हंजे मधलं दार उघडंच की," भाचा म्हणाला. तो सतरा वर्षांचा आहे, पेठेच्या संघात राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, खेळतो आणि हल्ली माझ्याशी रोज वाद घालतो. त्याला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. दोन दिवस विचार केला, तो इथं लिहितोय.

मी स्वतः चौदा हंगाम स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलो. आता गुडघा साथ देत नाही, दिवसभर उद्यमनगरात लेथवर असतो. पण एक वही ठेवली आहे. भारतानं गोल खाल्ला की तिच्यात चार गोष्टी लिहायच्या: चेंडू कुठून आला, पहिला कोणी काढला, पडला कुठं, आणि जिथं पडला तिथं आपलं कोण होतं. या वहीत २०२३ सालचे सरळ दोन भाग पडलेत.

मार्चपासून जुलैपर्यंत ११ सामने. इंफाळला म्यानमार आणि किर्गिझस्तान, भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप, बंगळुरूला सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा. पहिल्या आठ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. नवव्यात कुवेतविरुद्ध भरपाई वेळेत अन्वरच्याच पायाला लागून चेंडू आत गेला, आणि मग सॅफच्या अंतिम सामन्यात पुन्हा कुवेतनं एक मारला. ११ सामने, २ गोल. एवढी घट्ट भारतीय बचावफळी माझ्या पाहण्यात नव्हती. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. पण हे अकराही सामने घरच्या मैदानावरचे होते.

सप्टेंबरपासून पुढचे पाच. चिआंग माईत इराकशी २-२, लेबनॉनकडून ०-१. क्वालालंपूरला मलेशियाकडून २-४. कुवेतला त्यांच्याच घरी १-० हरवलं, आणि पाच दिवसांनी भुवनेश्वरला कतारनं ३-० धुतलं. पाच सामने, १० गोल. त्यांतले तीन पेनल्टीवर, दोन इराकचे आणि एक मलेशियाचा. दहा गोलांत तीन पेनल्टी म्हणजे बचावपटू उशिरा पोचतोय. पाय वेळेत पोचला तर चेंडू लागतो, उशिरा पोचला तर माणूस. आशियातले वरचे संघ चेंडू एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला दोन पासांत नेतात, आणि आपला बॅक तिथं पोचेपर्यंत समोरच्यानं वळसा घेतलेला असतो.

याची झलक मी स्वतः पाहिली. १८ सप्टेंबरला बालेवाडीला गेलो होतो, मुंबई सिटी विरुद्ध इराणचा नासाजी माझंदरान, एएफसी चॅम्पियन्स लीग. मुंबई ०-२ हरली. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे हे दिसत नाही. स्टँडमध्ये वर बसलं की पूर्ण बॅक लाइन सरकताना दिसते. इराणी संघ घाई करत नव्हता. आपल्या चौघांमधलं अंतर वाढायची वाट बघत होता, आणि ते वाढलं की मगच चेंडू पुढे टाकत होता. मुंबई गटातले सहाही सामने हरली. त्यांतले दोन उझबेकिस्तानच्या नवबहोरविरुद्धचे. भेके, मेहताब आणि आकाश हे तिघे याच क्लबचे. लोक या सहा पराभवांवरून त्यांना नावं ठेवतात. मला वाटतं, आठ जणांत उझबेकी फुटबॉलचा वेग ताजा ताजा अंगावर घेतलेले हेच तिघे आहेत, आणि १८ जानेवारीला उझबेकिस्तानसमोर तो अनुभव कामाचा आहे.

आता मधल्या जोडीकडे येतो, कारण भाच्याचा प्रश्न तिथंच आहे.

झिंगन पुढे येऊन लढतो. समोरच्याला चेंडू घेऊच द्यायचा नाही, त्याच्या पाठीला चिकटून आधीच हेडर मारायचा. हा स्वभाव आहे, शिकवून येत नाही. अशा स्टॉपरच्या शेजारी मागे थांबणारा, शांत माणूस लागतो. अन्वर तो होता. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष निघाला, खेळणं थांबवायला सांगितलं गेलं, आणि तिथून हा मुलगा परत येऊन देशाचा पहिल्या पसंतीचा स्टॉपर झाला. त्याचा लांब पास हा तर आपल्या आक्रमणाचा अर्धा आधार. हेडर मारणारे मिळतील, पण मागून चाळीस मीटर अचूक चेंडू टाकणारा दुसरा या यादीत नाही. ही उणीव मला झाकायची नाही.

तरी दार उघडं नाही. तिथं राहुल भेके आहे.

मुंबईचा पोरगा म्हणून मी त्याची बाजू घेतो असं भाचा म्हणतो. जिव्हाळा आहे, कशाला लपवू? पण १० सप्टेंबर २०१९ आठवा. दोहा, समोर आशियाई विजेता कतार, कर्णधार छेत्री संघात नाही, आणि आपण ०-० सुटलो. गोलरक्षक गुरप्रीतनं त्या रात्री जे अडवलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच्यापुढे चौघे होते: उजवीकडे भेके, मध्ये आदिल खान आणि झिंगन, डावीकडे मंदार राव देसाई. दोन गोव्याचे, एक मुंबईचा, एक चंडीगढचा. त्या चौघांतले झिंगन आणि भेके आता पुन्हा दोहाला निघालेत, यावेळी शेजारी शेजारी उभे राहायला. गेल्या नोव्हेंबरमध्ये कुवेतला हीच जोडी मध्ये होती आणि गोल खाल्ला नाही. भेके मुळात राइट बॅक, त्यामुळे झिंगन पुढे गेला की मागची जागा तो धावून भरतो. गेल्या महिन्यात तेहेतीस पूर्ण झाली, पण चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळतं. २०१९च्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात अंधेरीला ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून त्यानंच बंगळुरूला जिंकवलं, २०२२ मध्ये रियाधला इराकच्या क्लबविरुद्ध मुंबई सिटीचा विजयी गोलही त्याच्याच डोक्यातून आला. समोरच्या बॉक्समध्ये जो चेंडूचा अंदाज घेतो, तोच आपल्या बॉक्समध्येही घेतो.

मेहताब तिसरा. सॅफच्या उपांत्य सामन्यात झिंगन निलंबित होता, तेव्हा लेबनॉनविरुद्ध १२० मिनिटं ०-० राखलेल्या फळीत तो होता. झिंगनला पिवळं कार्ड लवकर मिळालं तर मी डोळे झाकून त्याला उतरवीन. लालचुंगनुंगा चपळ आहे, त्याचा काळ अजून यायचा आहे.

डाव्या बाजूला आकाश. बावीस वर्षांचा, दमछाक हा शब्द त्याला माहीत नाही. पण २० डिसेंबरला मोहन बागानविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांतच त्याला लाल कार्ड मिळालं, आणि ते टॅकल बघून माझ्या पोटात गोळा आला. ऑस्ट्रेलियासमोर पहिल्या पंधरा मिनिटांत दहा जण झालो तर पुढचं विचारू नका. त्याच्या शेजारी कोणीतरी सतत बोलत राहायला हवं. शुभाशिष सावकाश आहे, पण २०१९चा एशियन कप खेळलेला आहे. पुढे असलो आणि शेवटची वीस मिनिटं काढायची असली तर तो.

खरा वाद उजवीकडे. भाच्याला निखिल हवा. निखिल विंगवरून मागे आलेला, चेंडू घेऊन पुढे धावतो, बघायला छान. मला शनिवारी, १३ तारखेला, ऑस्ट्रेलियासमोर प्रीतम हवा. कारण सांगतो.

आमचा एक सामना होता, उपांत्य, शाहू स्टेडियम भरलेलं. आम्ही एक गोलनं पुढे, शेवटची दोन मिनिटं, त्यांचा कॉर्नर. मी उडी मारून असा हेडर मारला की पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. चेंडू बॉक्सच्या कडेला पडला. तिथं आमचं कोणी नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. तिथून त्यांच्या मधल्या फळीतल्या हाफनं पहिल्या पायाला लावला आणि चेंडू लांबच्या खांबाला लागून आत. टायब्रेकरवर हरलो. त्या रात्री मी जेवलो नाही. पहिला चेंडू काढल्यावर सामना संपत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि वही तिथूनच सुरू झाली.

ऑस्ट्रेलिया नेमकं हेच करते. हॅरी सुटार १.९८ मीटर उंच आहे, म्हणजे साडेसहा फूट. कॉर्नरला तो येणार, आणि झिंगननं उडी जिंकली तरी चेंडू पूर्ण बाहेर जाणार नाही, मधेच कुठंतरी पडेल. लांबच्या खांबाशी तेव्हा राइट बॅक उभा असतो. तो अर्धा सेकंद आधी आत सरकणारा हवा. प्रीतम बरीच वर्षं स्टॉपरही खेळलाय, ही सवय त्याच्या अंगात आहे. निखिलला मी १८ आणि २३ तारखेसाठी ठेवीन, जिथं आपल्याला चेंडू जास्त मिळेल. अहमद बिन अलीच्या याच मैदानावर वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियानं अर्जेंटिनाला १-२ पर्यंत झुंजवलं होतं, हे विसरून चालणार नाही.

फिफा क्रमवारी बघितली तर ऑस्ट्रेलिया २५, उझबेकिस्तान ६८, सीरिया ९१ आणि आपण १०२. सहा गटांतले तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ पुढे जातात. म्हणून पहिल्या दोन सामन्यांत किती गोल खातो याला फार मोल आहे. २०११ला दोहातच आपण तीन सामन्यांत १३ खाल्ले होते, त्यांतले चार ऑस्ट्रेलियाचे. २०१९ला तीन सामन्यांत फक्त ४. त्या चारातला शेवटचा मला अजून झोपेत दिसतो. शारजा, बहारीन, ०-०. बरोबरी झाली असती तर आपण पुढच्या फेरीत होतो. अनस सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला, तरी नव्वद मिनिटं सगळे उभे राहिले. आणि ९१व्या मिनिटाला पेनल्टी. त्या दिवशीचे झिंगन, प्रीतम आणि शुभाशिष या यादीत आहेत. पाच वर्षं त्यांनी ते मिनिट कसं वागवलं असेल, हे दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

म्हणून माझं सगळं लक्ष २३ तारखेवर आहे. अल बैत स्टेडियम, सीरिया, आपल्याकडे संध्याकाळचे पाच. समोर ओमर ख्रिबीन, २०१७चा आशियातला सर्वोत्तम खेळाडू, ज्याला बॉक्समध्ये एकच क्षण पुरतो. तोवर आपला गोलफरक दोन किंवा तीननं खाली असेल, तर त्या संध्याकाळी सगळं शक्य आहे. सहानं असेल तर नाही. तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळालेत आणि ते सगळे मी बॉक्सच्या कडेवर घालवले असते. संघासोबत सहाय्यक प्रशिक्षक म्हणून महेश गवळी आहेत, गोव्याचे, स्वतः स्टॉपर. चेंडू कुठं पडतो हे त्यांना मी सांगायची गरज नाही.

काल रात्री वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं: कोटाल, भेके, झिंगन, मिश्रा. भाच्यानं पेन घेतलं, कोटाल खोडून पुजारी लिहिलं. मी पुन्हा कोटाल लिहिलं. शनिवारी दुपारी तीनला लेथ बंद करणार आहे. तो सराव आटोपून थेट माझ्याकडे येतोय, वही मध्ये ठेवून बघायचं ठरलंय.