तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या गेमला आरपीजी म्हणायचं?

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा एखादा ठरावीक गेम असतो. झेल्डा आरपीजी आहे का? डार्क सोल्स? ज्या शूटरमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या गेममध्ये, शत्रू मारले की लेव्हल (पात्राची पातळी) वाढते, तो का नाही? माझं उत्तर बऱ्याच काळापासून एकच आहे. अडचणीच्या क्षणी गेम कुणाची कुवत तपासतो ते बघा: तुमची की तुमच्या पात्राची? पात्राची तपासत असेल, आणि ती कुवत खेळता खेळता घडत जात असेल, तर तो आरपीजी.

हे मी मनानं ठरवलेलं नाही, या प्रकाराचा जन्मच तसा झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला, तो टेबलावर सोंगट्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. त्या युद्धखेळांत एक सोंगटी म्हणजे सैनिकांची अख्खी तुकडी आणि खेळाडू म्हणजे सेनापती. इथे खेळाडूच्या वाट्याला एकच माणूस आला. त्याचं बळ, चपळाई, बुद्धी, शहाणपण सगळं कागदावर आकड्यांत लिहिलेलं. राक्षसावर वार करायचा तर तुम्हाला तलवार धरता येते का, हे कुणी विचारत नव्हतं. फासा टाकायचा, पात्राचे आकडे बघायचे, वार लागला की नाही ते कळायचं. वर्षभरात, १९७५मध्ये, हे सगळं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणासाठीच्या संगणकांवर पोचलं. तिथल्या एका गेमचं नाव होतं 'पेडिट५'. इतकं रूक्ष नाव, कारण अभ्यासाच्या फायलींमध्ये तो खपून जायला हवा होता. तरी तो सापडायचा आणि पुसला जायचा. मग १९८१मध्ये 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले, आणि फाशांचा हिशेब कायमचा यंत्राकडे गेला.

हिशेब यंत्राकडे गेला आणि तिथूनच घोळ सुरू झाला. टेबलावर फासा डोळ्यांना दिसतो. पडद्यावर दिसते ती तलवार.

'मॉरोविंड' हा २००२चा गेम मी या प्रश्नावर नेहमी पुढे करतो. नवखं पात्र घ्या, ज्या शस्त्राचा त्याला सराव नाही ते त्याच्या हाती द्या आणि समोरच्या प्राण्यावर चालवा. तलवार प्राण्याच्या अंगातून आरपार जाताना दिसते आणि त्याला काहीही होत नाही. नवीन खेळाडू चिडतात, गेम बिघडलाय म्हणतात. आत मात्र फासा पडलेला असतो: शस्त्राचं कौशल्य, चपळाई, नशीब, थकवा यांचा हिशेब होऊन वार हुकलेला असतो. तुमचा नेम बरोबर होता, तुमच्या पात्राचा नव्हता. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये हा फासा काढून टाकला. तलवार टेकली की वार लागतो, कौशल्यानुसार फक्त इजा कमीजास्त होते. खेळायला ते जास्त सुखाचं आहे, हे मान्य. पण त्या एका बदलानं पात्राच्या हातातला एक निर्णय काढून तुमच्या बोटांना दिला. माझा कल अजूनही 'मॉरोविंड'कडे आहे.

लेव्हल वाढणं ही खूण लोकांना सगळ्यात पक्की वाटते, आणि तीच सगळ्यात फसवी. २००७च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४' या शूटरच्या मल्टिप्लेयरमध्ये, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या भागात, अनुभवाचे गुण मिळतात, हुद्दा वाढतो, नवी शस्त्रं खुली होतात. तरी गोळी लागणार की नाही हे शेवटी तुमच्या मनगटावर ठरतं. तिथे लेव्हल म्हणजे बक्षीस आहे. गोष्ट चांगली असणं हाही निकष नव्हे. उत्तम कथा असलेले कितीतरी गेम निव्वळ कोड्यांचे आहेत.

मग जपानी गेमचं काय, असा पुढचा प्रश्न येतो. तिथे नायक बऱ्याचदा आधीच ठरलेला असतो, त्याचं बोलणंही ठरलेलं असतं. तरी मी त्यांना निःशंकपणे आरपीजी म्हणतो. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या दोन्हींचा प्रभाव घेऊन युजी होरी यांनी १९८६मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. त्यात चपळ बोटांची गरजच नाही. शत्रू जड जात असेल तर आणखी थोडं फिरा, पात्र बळकट करा, परत या. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या 'झेल्डा'त अनुभवाचे गुण नाहीत. कुणीकडे तोंड करून ढालीवर मारा झेलायचा, वार कधी करायचा, हे तुम्हालाच जमावं लागतं. म्हणून 'झेल्डा' माझ्या लेखी आरपीजी नाही. त्यानं त्याची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

'डार्क सोल्स' कुंपणावर बसतो. त्यात आकडे भरपूर आहेत आणि त्यांना वजनही आहे. बळ कमी असेल तर जड शस्त्र नीट पेलतच नाही. पण काही खेळाडू एकदाही लेव्हल न वाढवता तो गेम संपवतात. तिथे कौशल्य पूर्णपणे त्यांचं स्वतःचं असतं. कुणी त्याला आरपीजी म्हटलं तर मी वाद घालत नाही.

आतापर्यंत लढाईबद्दलच बोललो, पण खरी कसोटी लढाईबाहेर लागते. १९९७च्या 'फॉलआउट'मध्ये बुद्धी अगदी कमी ठेवून पात्र बनवा. संवादासाठी वाक्यं उरतच नाहीत, नुसते हुंकार उरतात. लोक वैतागतात, पुष्कळ कामं ते तुमच्यावर सोपवतच नाहीत. उलट बोलण्यात तरबेज असलेलं पात्र योग्य पुरावा गाठीशी घेऊन गेलं, तर शेवटच्या शत्रूला न लढता पटवून देऊ शकतं. खुर्चीत बसलेला माणूस दोन्ही वेळा तोच. २०१९च्या 'डिस्को एलिझियम'मध्ये तर नेहमीसारखी लढाई जवळजवळ नाहीच. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती नायकाच्या डोक्यात बोलत राहतात, कधी सल्ला देतात, कधी चक्क दिशाभूल करतात. दोन फासे पडतात, आणि ते वाईट पडले तर एखादं साधं वाक्यसुद्धा धड बोलता येत नाही. मला तो आरपीजीचा अगदी शुद्ध नमुना वाटतो. त्यात मारामारी नाही म्हणून त्याला या प्रकारात धरायला नकार देणारी माणसं भेटली की मला मनापासून वाईट वाटतं.

या भेदाबद्दल मी इतका आग्रही का, असंही विचारलं जातं. ज्याची बोटं चपळ नाहीत, ज्याची नजर अधू आहे, चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याला या गेममध्ये निष्णात तलवारबाज होता येतं, भर दरबारात राजाला पटवता येतं. तिथे त्याच्या पात्राला ते येत असलं की पुरतं. गेम बनवणाऱ्यांनी एकेक फासा काढून बोटांकडे सोपवला की त्याला हे दार बंद होत जातं. आणि बंद झालेलं त्या गेमच्या जाहिरातीत कळत नाही. तिथे आरपीजी हेच लिहिलेलं असतं.

म्हणून तुमच्या मनातल्या गेमबद्दल शंका असेल तर मला विचारण्याआधी एक करा. दोन अगदी वेगळी पात्रं बनवा, एक दांडगं पण मठ्ठ, दुसरं किडकिडीत पण गोडबोलं. पात्र ठरलेलंच असेल, तर त्याला एकदा भरपूर वाढवून आणि एकदा जवळपास न वाढवता न्या. दोन्ही वेळा त्याच दारापाशी, त्याच पहारेकऱ्यासमोर उभे राहा. आत जाण्याचे रस्ते दोघांना वेगळे मिळाले, किंवा एकाला मिळालाच नाही, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.