शुगर आणि मोतीबिंदू

आज आत्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अख्खी सकाळ गेली. वय ५२, निदान मोतीबिंदू. "अगं, मी काय एवढी म्हातारी झाले?" हा तिचा पहिला प्रश्न.

डॉक्टरांनी उलट विचारलं, "शुगर किती वर्षं आहे?" मग चित्र काढूनच समजावलं. रक्तात साखर वाढली की ती डोळ्यातल्या भिंगातही शिरते. तिथे तिचं सॉर्बिटॉल (साखरेपासूनच बनणारा एक पदार्थ) होतं, ते सहजासहजी बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेतं. भिंग फुगतं, हळूहळू गढूळ होतं. म्हणून मधुमेह असला की मोतीबिंदू लवकर गाठतो. शुगर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही बदलतो, हे मला नवीनच. आत्या इतके दिवस चष्मेवाल्याला शिव्या घालत होती, बिचारा!

थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डोळ्यातला मागचा पडदाही (रेटिना) तपासला. हे मला फार पटलं. पडदा मधुमेहाने खराब झालेला असेल, तर नुसतं भिंग बदलून नजर पूर्ण येत नाही. पडद्याचा त्रास सुरुवातीला जाणवतही नाही, म्हणून शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी तो तपासायचाच. थेंबांनी मोतीबिंदू विरघळवण्याच्या जाहिरातींचा विषय काढला, तर डॉक्टर नुसतेच हसले.

आता एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट यायचाय. ऑपरेशन मात्र गणपतीनंतरच, असं आत्याने त्यांना परस्पर सांगूनही टाकलंय.