खन्नांची खुर्ची

एखादा वादग्रस्त कायदा झाला की आमच्या बार रूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "सुप्रीम कोर्ट आहे ना, बघून घेईल." मी नाशिकच्या कोर्टात दिवाणी दावे चालवते. सातबारा, वाटप, वहिवाट यापलीकडे माझी मजल क्वचित जाते, त्यामुळे घटनेच्या चर्चेत मी बहुधा ऐकायचंच काम करते. पण या एका वाक्याला मान हलवणं मला जमत नाही. माझा मामा राष्ट्र सेवा दलातला शाळामास्तर. आणीबाणीत तो मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या तुरुंगात होता, आणि ज्या कोर्टानं बघून घ्यायचं त्यानं तेव्हा काय केलं, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं.

कागदावर कोर्टाचा कायदे तपासून रद्द करण्याचा, म्हणजे पुनर्विलोकनाचा, अधिकार भक्कम आहे. मूलभूत हक्कांना बाध आणणारा कायदा कलम १३ नुसार त्या मर्यादेत रद्दबातल. दाद मागायला कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालय, २२६ खाली उच्च न्यायालय. त्यात २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला, की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. हा निकाल शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचला. त्यानंतरच्या दोन दिवसांत काय झालं, ते मात्र पोचलं नाही. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघं ज्येष्ठ न्यायाधीश बहुमताच्या बाजूचे. सरकारनं तिघांनाही डावललं आणि अल्पमतातल्या ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनी राजीनामे दिले.

याचं फळ २८ एप्रिल १९७६ ला दिसलं. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित झाला होता. तरी मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे अटक बेकायदा आहे का ते कोर्टानं तपासावं असे अर्ज, ऐकायची तयारी दाखवली होती. सरकार अपिलात गेलं, तेच एडीएम जबलपूर प्रकरण. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं, तर दाद कुठे मागायची? उत्तर असं, की आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी हे मान्य केलं: रे, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती. यातले पहिले तिघं केशवानंद खटल्यातही अल्पमतात होते. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची असल्याचं लिहून ठेवलं. नाशिकरोडची आमटी आठवून मामा या वाक्यावर हसायचा, पण त्याचं हसू ऐकवत नसे.

चंद्रचूड आपले पुण्याचे, म्हणून मामाचा सगळा राग त्यांच्यावर. "बेग, रे यांच्याकडून आम्ही अपेक्षाच ठेवली नव्हती," तो म्हणे. मग माझ्याकडे वळून, "तू वकील ना? सांग, अर्ज कुणाकडे करायचा होता आम्ही?" मी उच्च न्यायालयाचं नाव घ्यायची. मिनू मसानींच्या मासिकाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं १९७६ च्या फेब्रुवारीत सेन्सॉरला चांगलंच फटकारलं होतं. पण एप्रिलनंतर स्थानबद्धांसाठी तोही रस्ता उरला नव्हता.

खन्नांना निकालाची किंमत ठाऊक होती. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाचा क्रम त्यांचा होता. नेमणूक बेग यांची झाली. खन्ना राजीनामा देऊन बाहेर पडले. जबलपूरचा दोष पहिल्यांदा धुतला तो कोर्टानं नव्हे. मतदारांनी १९७७ ला सरकार पाडलं आणि संसदेनं ४४ वी घटनादुरुस्ती करून कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरवलं. कोर्टाला त्यानंतरही जवळपास चार दशकं लागली. २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी जबलपूरचा निकाल मोडीत काढला आणि त्यावर कठोर शब्दांत लिहिलं ते धनंजय चंद्रचूड यांनी. पेपर हातात घेऊन मामा म्हणाला, "पोरानं बापाचा निकाल फिरवला. बरं झालं. पण आमच्यातले किती जण उरलेत वाचायला?"

म्हणून पुनर्विलोकनाचा अधिकार किती मोठा, या वादापेक्षा खुर्चीवर कोण आणि कुणी बसवला, हा प्रश्न मला जवळचा वाटतो. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमण्यात सरकारलाही जागा देणारा न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं रद्द केला, तेव्हा मला हायसं वाटलं. न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचं, म्हणजे कॉलेजियमचं, दार बंद असतं, आत काय चालतं ते आपल्याला कळत नाही, हे मला मान्य. पण १९७३ आणि १९७७ सरकारच्याच हातून झालं होतं. मामाला हे पटलं नाही. न्यायाधीशांनी न्यायाधीश निवडायचे म्हणजे आपसांत वाटप, तुझ्या दिवाणी दाव्यासारखं, असं त्याचं म्हणणं. मी विचारायची, मग खन्नांची खुर्ची कुणी काढून घेतली? तो म्हणायचा, पुढच्या वेळी तुमचे न्यायाधीशच काढून घेतील. यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.