जलरंगातल्या चित्रावर अभिप्राय देताना आणि मागताना

‘मस्त!’ आणि ‘काहीतरी खटकतंय’ हे दोन्ही अभिप्राय चित्रकाराच्या दृष्टीने सारखेच बिनकामाचे. खटकतंय ते कुठे आणि कशामुळे, तेवढं सांगा.

मळकट रंगाचंच घ्या. खालचा थर ओलसर असताना ब्रश फिरवला, की तो रंग उचलून वरच्यात मिसळतो. किंवा नारिंगी आणि निळा भिडून करडा होतो. पहिल्या वेळी उपाय थांबण्याचा: हाताची मागची बाजू लावून कागद गार लागला, तर तो अजून ओला आहे. दुसऱ्या वेळी उपाय रंगांची संख्या कमी करण्याचा. नुसतं ‘रंग मळलेत’ म्हटलं, तर समोरचा भलताच उपाय करत बसतो.

दुसऱ्याच्या चित्रावर रेघा मारून दुरुस्ती दाखवायची असेल, तर आधी विचारा. न विचारता केली, तर योग्य सूचनाही झोंबते.

अभिप्राय मागताना कागदाचं वजन (२०० की ३०० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम), आकार आणि संदर्भफोटो द्या. चित्राचा फोटो दिवसाउजेडी, समोरून काढा; पिवळ्या बल्बखाली निळे रंग मरतात. तो आधी कृष्णधवल करून बघा. छायाप्रकाशाची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. प्रश्न एकच विचारा: ‘मागचा डोंगर पुढे येतोय का?’

आणि हे पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यावरच विचारलेलं बरं. जलरंगात झाकलेला कागदाचा पांढरा सहसा पूर्ण परत मिळत नाही.